बायबल-अभ्यासात पदव्युत्तर शिक्षण: कर्ज काढून ब्रिटन, की पुण्यातच बी.डी.?

प्रश्न थोडक्यात असा. अहिल्यानगर जिल्ह्यातली एक मुलगी, संस्कृत घेऊन बी.ए. झालेली. जुन्या करारातल्या संदेष्ट्यांवर काम करण्याची ओढ आहे आणि पुढे महाराष्ट्रातच शिकवायचं आहे. मंडळीचे (चर्चचे) पाळक म्हणतात, सेरामपूरची बी.डी., म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, कर. मामा म्हणतात, ब्रिटनमधल्या विद्यापीठाच्या एक वर्षाच्या एम.ए.चं प्रवेशपत्र हातात आहे, घर तारण ठेवू. तिसरीकडे अमेरिकेतल्या एका सेमिनरीने (ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयाने) दोन वर्षांच्या एम.ए.साठी अर्धी शिष्यवृत्ती देऊ केली आहे. हिब्रूची तयारी म्हणाल तर यूट्यूबवरून अक्षरओळख आणि थोडंफार व्याकरण. या तिन्हींतलं काय निवडावं?

मी बरीच वर्षं सेमिनरीत जुना करार शिकवतो आहे, प्रवेशाच्या मुलाखती घेतो, परदेशी जाणाऱ्यांना शिफारसपत्रं देतो. त्यामुळे सरळच सांगतो: घर तारण ठेवू नका. तुमची आजची तयारी आणि तुमचं ध्येय पाहता, तिन्ही पर्यायांत ब्रिटनचा पर्याय तुमच्यासाठी सगळ्यांत कमी उपयोगाचा आहे. विद्यापीठ चांगलं असेलही. अडचण त्या एका वर्षात काय मावतं याची आहे.

या विषयाचा अभ्यासक्रम निवडताना मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो: तिथे मूळ भाषेतला मजकूर आठवड्यात किती तास, किती वर्षं आणि कोणाबरोबर वाचला जातो. बाकी सगळं त्यानंतर. विद्यापीठाचं नाव, इमारत, माहितीपत्रकावरचे फोटो यांवरून काही कळत नाही.

हे का म्हणतो ते एका उदाहरणाने दाखवतो. १ शमुवेल १७:४ काढा. आपल्या मराठी बायबलमध्ये दाविदाने मारलेल्या गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत आहे, म्हणजे साडेनऊ फुटांच्या आसपास. हिब्रूच्या परंपरागत मासोरा संहितेतही तेच आहे. पण मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत तो चार हात आणि एक वीत भरतो. सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतराच्या व्हॅटिकन हस्तलिखितातही चारच हात आहेत. म्हणजे साडेसहा फूट: धिप्पाड, पण माणसांत बसणारा. मग मूळ आकडा कोणता? सांगता सांगता वीर उंच होत गेला, की लेखनिकाची नजर खाली सातव्या वचनातल्या भाल्याच्या पात्याच्या सहाशे शेकेल वजनावर गेली आणि सहाचा आकडा वर आला? की ग्रीक परंपरेनेच उंची कमी केली? छापील हिब्रू बायबलच्या, म्हणजे बिब्लिया हेब्राइका श्टुटगार्टेन्सियाच्या पानावर हा सगळा वाद तळाशी बारीक अक्षरांत, चिन्हं आणि संक्षेपांत दडलेला असतो. वर छापलेला मजकूर इसवी सन १००८ च्या सुमाराच्या लेनिनग्राड हस्तलिखिताचा आणि खाली इतर साक्षी, म्हणजे बाकीच्या हस्तलिखितांतले आणि भाषांतरांतले पाठ. पदव्युत्तर अभ्यास म्हणजे ती तळाची ओळ स्वतः उलगडता येणं, त्यातल्या प्रत्येक साक्षीचं वजन करता येणं आणि वर्गात आपलं मत मांडून ते टिकवता येणं. ज्या अभ्यासक्रमातून बाहेर पडताना हे जमत नाही, तो नावाने कितीही मोठा असला तरी तुमच्या कामाचा नाही.

आता ब्रिटनचं एक वर्ष धरा. सप्टेंबरात पोहोचलात. नवख्यांचा हिब्रू वर्ग मिळाला तर नाताळापर्यंत क्रियापदांचे साधे प्रकार होतील. ईस्टरपर्यंत रूथ किंवा योनाचं पुस्तक कोश धरून वाचता येईल. तोवर प्रबंधिकेचा विषय ठरवायची वेळ आलेली असते आणि उन्हाळा ती लिहिण्यात जातो. होशेय किंवा यिर्मयाची कविता वाचण्याइतकी भाषा तोवर येत नाही. मग प्रबंधिका इंग्रजी भाषांतरांवर आणि दुय्यम ग्रंथांवर उभी राहते आणि पुढे पीएच.डी.च्या अर्जासोबत तीच नमुना म्हणून पाठवावी लागते. ज्यांना आधीच दोन-तीन वर्षांचं हिब्रू आणि ग्रीक येतं, त्यांच्यासाठी ब्रिटनचं एक वर्ष उत्तम. ऑक्सफर्डला एक वर्षाच्या एम.एसटी.शिवाय दोन वर्षांची एम.फिल.ही आहे, ती याच कारणाने. शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून रक्कम तीस लाखांच्या पुढे सहज जाते. सेमिनरीतल्या शिक्षकाच्या पगारातून हे कर्ज फिटत नाही. हे मी अंदाजाने बोलत नाही, तो पगार मी स्वतः घेतो.

मामांना हे नीट समजावून सांगा. त्यांचा हेतू चांगला आहे आणि भाचीसाठी घर पणाला लावायची तयारी लहान गोष्ट नाही.

अमेरिकेच्या अर्ध्या शिष्यवृत्तीचंही जवळपास तसंच. ‘अर्धी’ म्हणजे कशाची अर्धी, हे लेखी विचारा. बहुतेक वेळा ती फक्त शिक्षणशुल्काची असते. राहणं, जेवण, आरोग्य विमा, विमानप्रवास हे सगळं अंगावर राहतं आणि विद्यार्थी व्हिसावर बाहेर नोकरी करून ते भरून काढता येत नाही. तिथल्या काही सधन डिव्हिनिटी स्कूल गरज पाहून पूर्ण शुल्क माफ करतात, शिवाय राहण्यासाठीही काही देतात. तसं काही मिळालं तर गोष्ट वेगळी. तिथली रचनाही समजून घ्या. तीन वर्षांची एम.डिव्ह. मुख्यतः पाळकपणाची तयारी करून घेते. दोन वर्षांची एम.ए. किंवा एम.टी.एस. अभ्यासाकडे झुकलेली असते आणि त्यात भाषांना जागा मिळते. पीएच.डी. हा तिथला सगळ्यांत मोलाचा टप्पा, कारण चांगल्या विद्यापीठांत शुल्कमाफीबरोबर निर्वाहभत्ता मिळतो. जागा मात्र मोजक्या आणि अर्ज करणारे बहुतेक जण आधीच दोन-तीन प्राचीन भाषा शिकून आलेले. म्हणून पैसे आणि ताकद त्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

आता पाळकांच्या सल्ल्याकडे येऊ. तुम्हाला तो जुनाट वाटतो, हे प्रश्नाच्या सुरावरून जाणवलं. पण तुमच्या ध्येयाशी तोच जुळतो.

बंगालमधलं सेरामपूर कॉलेज १८१८ साली केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी काढलं. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये सनद देऊन त्याला पदव्या देण्याचा अधिकार दिला आणि १९१८ च्या कायद्याने तो भारतीय चौकटीत आला. आज देशभरातली अनेक ईशविज्ञान (थिऑलॉजी) महाविद्यालयं सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहेत: बेंगळुरूचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, कोलकात्याचं बिशप्स कॉलेज, चेन्नईचं गुरुकुल, आणि आपल्या पुण्यात बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, जे पूर्वी यवतमाळला होतं आणि १९८३ मध्ये पुण्यात आलं. बी.डी. बारावीनंतर पाच वर्षांची, पदवीधरांना चार. त्यानंतर दोन वर्षांची एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी), ज्यात जुना करार किंवा नवा करार अशी शाखा घेता येते. बी.डी.शिवाय एम.टीएच.ला प्रवेश नाही आणि या महाविद्यालयांत शिकवण्याच्या जागांसाठी साधारणपणे हीच साखळी बघितली जाते. इथेच शिकवायचं असेल तर दार इकडून आहे.

बी.डी.ची उणीवही सांगायला हवी. चार वर्षांत बायबलखेरीज मंडळीचा इतिहास, सिद्धान्त, इतर धर्मांचा अभ्यास, उपदेशशास्त्र, पाळकीय समुपदेशन हे सगळं येतं. ज्याला फक्त आमोस आणि यशया वाचायचे आहेत त्याला हे लांबण वाटेल. काही ठिकाणी हिब्रू आणि ग्रीक एकेक वर्ष शिकवून सोडून देतात आणि पुढच्या वर्षापर्यंत मुलं विसरून जातात. म्हणून प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि मागच्या सत्राचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागा. व्याकरण संपल्यावर वाचनाचा वर्ग आहे का? कोणत्या पुस्तकाचे किती अध्याय वाचले? परीक्षेत उतारा हिब्रूतून देतात की इंग्रजीतून? शिक्षक हे तीन प्रश्न ऐकून खूश झाले तर तिथे जा. कार्यालयाकडे बोट दाखवलं तर दुसरीकडे बघा.

तुमचं संस्कृत इथे फार कामाला येणार आहे, त्याची किंमत कमी करू नका. ग्रीक शिकताना इतर मुलं जिथे अडतात तिथे तुम्ही पुढे जाल. ग्रीकचा मधला प्रयोग तुम्हाला आत्मनेपदावरून लगेच उमगेल. भूतकाळाआधी लागणारा ‘ए’ म्हणजे लङ् मधला ‘अ’: अभरत् आणि एफेरे शेजारी ठेवून बघा. पूर्णभूतातलं द्वित्व लिट् मध्ये पाठ केलेलंच आहे. हिब्रू वेगळ्या कुळातली, तिथे असा थेट सांधा नाही. पण धातू ओळखून रूप सोडवायची सवय ज्याला लागली आहे, त्याला तीन व्यंजनांचे हिब्रू धातू आणि त्यांचे सात मुख्य गण परके वाटत नाहीत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं, ते कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी. पंडिता रमाबाई संस्कृतच्या वाटेनेच आल्या आणि केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते काम त्यांनी हातावेगळं केलेलं होतं. तुम्ही ज्या वाटेवर पाय ठेवता आहात ती मराठीत नवी नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

कॅथलिक वाचकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. पुण्यातच नगर रस्त्यावर ज्ञानदीप विद्यापीठ आहे. मूळ संस्था १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडीला सुरू झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. पुढे फक्त बायबल करायचं असेल तर रोमची पोंटिफिकल बिब्लिकल इन्स्टिट्यूट, १९०९ ची. तिथली लायसन्शिएट ही पदवी भाषांच्या बाबतीत इतकी कडक आहे की तिथून आलेल्या माणसाला हिब्रू-ग्रीक येतं का, हे कोणी विचारत नाही. तिथे बहुधा धर्मप्रांत किंवा संघ पाठवतो, त्यामुळे आर्थिक गणितच निराळं.

एम.टीएच.ला मार्गदर्शक कोण, हा पुढचा मोठा प्रश्न. जागा घेण्याआधी त्यांचे दोन लेख तरी वाचा. ते किती वर्षांत निवृत्त होणार, एका वेळी किती विद्यार्थी घेतात, मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वेळेत झाले का, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना विचारा. विद्यार्थी खरं सांगतात. मुलींनी आणखी एक विचारावं: वसतिगृहातून ग्रंथालयात रात्री किती वाजेपर्यंत बसता येतं. मुलांसाठी दहापर्यंत आणि मुलींसाठी सातपर्यंत असा नियम असेल, तर दोन वर्षांत तुमचे शेकडो तास जातात. हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

ग्रंथालय स्वतः जाऊन बघा. हिब्रूचा कोलर-बाउमगार्टनर कोश आहे का, सेप्टुअजिंटची ग्योटिंगेन आवृत्ती आहे का, व्हेटस टेस्टामेंटम आणि जर्नल ऑफ बिब्लिकल लिटरेचर यांचे अलीकडचे अंक येतात का, धर्मविषयक लेखांचा एट्ला डेटाबेस वसतिगृहातून उघडतो का. छापील ग्रंथसंग्रहात भारतातली बरीच ग्रंथालयं मागे आहेत, हे मान्य करून चालायला हवं. पुण्याचा फायदा असा की दोन मोठ्या संस्थांची ग्रंथालयं एकाच शहरात आहेत आणि विनंती केली तर बाहेरच्या अभ्यासकाला बसू देतात.

भारतात शिकण्याचा एक लाभ परदेशी माहितीपत्रकांत सापडणार नाही. जालन्याचे अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये जे व्याख्यान दिलं, त्यातून दलित ईशविज्ञानाची सुरुवात मानली जाते. पुढे बायबलमधल्या अनुवाद (डिटेरॉनॉमी) या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातल्या ‘भटक्या अरामी’ पूर्वजाच्या कबुलीवर त्यांनी दलित ख्रिस्ती माणसाच्या इतिहासाचं वाचन उभं केलं. तो उतारा सगळ्या जगाने वाचला होता. महाराष्ट्रातल्या गावकुसाबाहेरचा अनुभव घेऊन तो वाचणारा निर्मळांसारखा वाचक आधी नव्हता. ज्ञानदीपचे जॉर्ज सोअरेस-प्रभू यांनीही दोन्ही बाजू सांभाळल्या: मत्तयाच्या आरंभीच्या अध्यायांतल्या जुन्या करारातील अवतरणांवर त्यांचं अत्यंत तांत्रिक संशोधन आहे आणि भारतीय वाचकाच्या जागेवरून केलेलं लेखनही. माझा आग्रह याच जोडीचा आहे. भाषा कच्ची ठेवून नुसतं संदर्भाचं वाचन केलं तर बाहेरच्या परिसंवादात पहिल्या प्रश्नालाच माणूस गप्प होतो. आणि नुसती भाषा घेऊन बसलं तर आमोसाच्या न्यायाच्या गोष्टीचं आपल्या गावाशी काय नातं, हे शिकवताच येत नाही.

मान्यतेबद्दल लोक फार गोंधळतात. सेरामपूर सिनेटची पदवी कायद्याच्या आधाराने मिळते. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता ही सेमिनऱ्यांच्या संघटनेने दिलेली गुणवत्तेची मान्यता आहे, ती सरकारी नव्हे. परदेशी सेमिनऱ्या बहुधा दोन्ही ओळखतात, आणि या संघटनेची मान्यता असलेल्या काही संस्था बायबलच्या शिक्षणात खरोखर सरस आहेत. पण पुढे एखाद्या सरकारी विद्यापीठात किंवा महाविद्यालयात जायचा विचार असेल, तर त्या विद्यापीठाकडून समकक्षतेचं उत्तर लेखी घ्या, आणि तेही प्रवेशाआधी. तुमच्या बाबतीत पुण्यातून संस्कृतची एम.ए. करून ठेवणं हाही एक भक्कम आधार होईल. ती साधी विद्यापीठाची पदवी आहे, तिला कोणी आडवं येत नाही, आणि मजकुराशी झटण्याची शिस्त तिथेही मिळते.

युरोपबद्दल थोडक्यात. बेल्जियमचं ल्यूव्हेन इंग्रजीतून शिकवतं आणि बायबलमध्ये पक्कं आहे. जर्मनीत ग्योटिंगेनला शिक्षणशुल्क नाही, ट्युबिंगेन आणि हायडेलबर्ग ज्या राज्यात आहेत तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. पण वर्ग जर्मनमध्ये असतात. जुन्या करारावर पीएच.डी. कुठेही केलीत तरी जर्मन वाचता यावंच लागतं, म्हणून पुण्यात असतानाच रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्समुलर भवनात ती सुरू करा. सिरियाक ही अरामी कुळातली प्राचीन भाषा लागलीच तर त्यासाठीही परदेश नको: केरळात कोट्टयमला सेंट एफ्रेम संशोधन संस्था आहे.

तुम्ही विचारलंत, ‘बी.डी. आणि एम.टीएच. मिळून सहा वर्षं, तोवर मी अठ्ठावीसची होईन, उशीर नाही का होणार?’ नाही. डॉक्टरेटला येणारे बहुतेक जण याच वयाचे असतात, कित्येक त्याहून मोठे. एम.टीएच. झाल्यावर पूर्ण खर्च उचलणाऱ्या शिष्यवृत्तीच्या रांगेत तुम्ही खऱ्या अर्थाने उभ्या राहू शकता: इव्हँजेलिकल परंपरेतल्यांसाठी लँगहॅमची शिष्यवृत्ती आहे, अमेरिकन विद्यापीठांचे निर्वाहभत्ते आहेत. त्या वेळी ब्रिटन निवडलंत तर मी स्वतः शिफारसपत्र लिहीन. तिथे पीएच.डी.त वर्ग जवळपास नसतात, पहिल्या दिवसापासून संशोधन, आणि तोवर तुमची भाषा तयार असेल.

आत्ता करायच्या गोष्टी दोन. ब्रिटनच्या विद्यापीठाला सभ्य शब्दांत मेल करून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का विचारा. बहुतेक ठिकाणी येतो, आणि दार लगेच बंद करायचं कारण नाही. आणि येत्या जूनची वाट न बघता हिब्रूला बसा: एखादं व्याकरणाचं पुस्तक धरून, रोज तासभर, उत्तरं तपासून द्यायला कोणीतरी गाठून. पाळकसाहेबांना विचारा, तुमच्या जिल्ह्यात एम.टीएच. झालेला कोणी ना कोणी असेलच. व्याकरण संपलं की योनाचं पुस्तक घ्या, चार छोटे अध्याय आहेत. ते कोश धरून स्वतः वाचून झालं की मला कळवा, मग कोणत्या महाविद्यालयात कोणाकडे जायचं ते नावानिशी बोलू.